खाली सरका, यवतमाळ येते

महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावले तर छत्तिसावा यवतमाळ. वर अहिल्यानगर, त्याखाली अकोला, अमरावती. तिथून बोट ओढत ठाणे, वर्धा, वाशीम ओलांडले की तळाशी, पाहुण्यांच्या पंगतीत शेवटी बसलेल्या घरच्या माणसासारखे, यवतमाळ सापडते. नोकरीचा अर्ज असो, शिष्यवृत्तीचा असो की गॅस सिलिंडरचा, यवतमाळकराच्या अंगठ्याला हा व्यायाम चुकत नाही. त्यातही झरी जामणीच्या माणसाचे नशीब बघा. जिल्ह्यांच्या यादीत तळ गाठून तो दम घेतो न घेतो तोच तालुक्यांची यादी उघडते आणि तिथे सोळापैकी सोळावा पुन्हा तोच.

हीच यादी मराठी वर्णमालेने लावली तर यवतमाळ २६वे येते. रत्नागिरीपासून हिंगोलीपर्यंत दहा जिल्हे त्याच्या मागे उभे राहतात. झरी जामणी तर आर्णी, उमरखेड, कळंब, केळापूर, घाटंजीनंतर थेट सहाव्या नंबरवर चढते, आणि शेवटी राहते ती वणी. लोकनायक बापूजी अणे यांच्या गावाला शेवटी बसवायचे धाडस कोण करणार, म्हणूनच बहुधा यादी इंग्रजीत ठेवली असावी.

पूर्वी हे खाली ओढणे नुसते वेळखाऊ होते. संकेतस्थळाच्या पानात ऑनलाइन फॉर्म ‘बसवायची’ पद्धत आल्यापासून त्यात चुरस आली.

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे महाविद्यालय. नाव घ्यायचे कारण नाही. ज्यांना ज्यांना ते आपले वाटेल त्या सगळ्यांचे आहे. तिथे नॅकची समिती यायची होती. नॅक म्हणजे १९९४ साली स्थापन झालेली, बेंगळुरूला मुख्यालय असलेली, महाविद्यालयांना श्रेणी देणारी परिषद. ही समिती येणार म्हटले की कॉलेजच्या भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, आणि ‘विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेता का? संकेतस्थळावर ठेवता का?’ या प्रश्नाची तयारी सुरू होते. अभिप्राय घेणे, त्याचे विश्लेषण करणे आणि ते संकेतस्थळावर मांडणे याला नॅकच्या मोजपट्टीत खरोखरच गुण आहेत. तेव्हा ठरले, संकेतस्थळावर अभिप्रायाचा फॉर्म पाहिजे, आणि सोबत माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचा.

कॉलेजात संकेतस्थळ कोणी सांभाळायचे याचा निकष सोपा असतो. ज्याने एकदा ऑफिसातला अडकलेला प्रिंटर चालू करून दिला, तो जन्माचा तंत्रज्ञ. इथे ते भाग्य वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या वाट्याला आले होते. सरांनी गूगलवर फॉर्म केला. ही सोय २००८पासून फुकट आहे, आणि शाळा-कॉलेजांत फुकट गोष्टीला पर्याय शोधायची प्रथा नाही. मग त्यांनी ‘पाठवा’चे बटण दाबून तिथला कोड उचलला आणि संकेतस्थळाच्या पानात चिकटवला. पाच मिनिटांत फॉर्म पानावर हजर.

प्राचार्यांनी विचारले, “म्हणजे हा फॉर्म आता आपल्या साइटचा झाला?”

“नाही सर. फॉर्म गूगलकडेच आहे. आपण फक्त भिंतीला खिडकी पाडली. खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं.”

“म्हणजे कलम केलं म्हणा ना.”

हा शब्द सरांच्या विषयातला निघाला. कलमात डोळा भरला की खालचा जंबेरीचा खुंट आणि वरचा संत्र्याचा डोळा एकजीव होतात, रस एक होतो. इथे तसे काही होत नाही, असे त्यांनी समजावले. मग बांडगूळ? तेही नव्हे, बांडगूळ झाडाचा रस ओढते, फॉर्म आपल्या साइटचे काही ओढत नाही. सरांनी थोडा विचार करून निकाल दिला, “ऑर्किड म्हणा. फांदीवर बसतं, पण जेवण बाहेरून आणतं.” प्राचार्यांनी ‘ऑर्किड’ हा शब्द अहवालासाठी लिहून घेतला.

उपमा तंतोतंत होती. संकेतस्थळावरचे साधे फॉर्म १९९५च्या एचटीएमएल २.० या प्रमाणातच आले. पण एका पानाच्या पोटात दुसरे पान दाखवणारी चौकट, जिला जाणते ‘आयफ्रेम’ म्हणतात, तिला डिसेंबर १९९७च्या एचटीएमएल ४मध्ये अधिकृत जागा मिळाली. आत काय चालले आहे हे बाहेरच्या पानाला कळत नाही आणि बाहेर किती जागा आहे हे आतल्या पानाला विचारता येत नाही. एका घरात राहून न बोलणारे दोन भाऊ विदर्भात काही कमी नाहीत, पण त्यांनाही एकमेकांच्या खोलीची लांबी-रुंदी ठाऊक असते.

अडचण रुंदीपासूनच सुरू झाली. गूगल जो तयार कोड हातात देते त्यात चौकटीची रुंदी ६४० पिक्सेल लिहिलेली असते. सरांनी फॉर्म पाहिला तो ऑफिसातल्या संगणकावर, आणि तो तिथे राजवाड्याच्या कमानीसारखा शोभत होता. विद्यार्थ्यांनी उघडला फोनवर, आणि फोनचा पडदा त्याच मापात साधारण ३६० ते ४०० भरतो. कॉलेजच्या साइटचा साचा असा की पडद्याबाहेर गेलेले सगळे कापून टाकायचे. तेव्हा प्रश्न दिसे तो असा: ‘महाविद्यालयातील ग्रंथालयाबद्दल आपण समा’. पुढचे ‘धानी आहात का’ उजवीकडे अंधारात. पोरांनी त्यातून ‘समाजसेवा’पासून ‘समारंभ’पर्यंत अर्थ काढले.

त्याहून मोठा घात गुणांच्या पट्टीने केला. एक ते पाच गुण, एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम, डावीकडून उजवीकडे. पडद्यावर एक, दोन आणि तीन एवढेच मावत होते; चार आणि पाच भिंतीआड. विद्यार्थी बिचारे प्रेमळ, त्यांनी दिसत होते त्यातले सर्वांत मोठे गुण दिले. तीन. सगळ्या प्राध्यापकांना, सगळ्या विषयांत, सरसकट तीन. स्टाफरूममध्ये दोन दिवस सुतकी शांतता होती. इंग्रजीच्या एका मॅडमना तेवढे साडेतीन मिळाले, कारण त्यांच्या वर्गातल्या काहींनी फोन आडवा धरला होता.

उपाय एका ओळीचा होता. ६४०च्या जागी ‘शंभर टक्के’ लिहायचे, म्हणजे पडदा जेवढा तेवढी चौकट. सरांना तो सापडायला आठवडा लागला, आणि हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होणार नाही की तो बारावीतल्या त्यांच्या मुलीने सांगितला.

उंचीचे काय? तीही कोडमध्ये ठरलेलीच. फॉर्म लांब, चौकट आखूड, म्हणून चौकटीला आतून एक सरकपट्टी आणि पानाला बाहेरून दुसरी. बोट चौकटीच्या आत पडले तर फॉर्म सरकतो, बाहेर पडले तर पान सरकते, काठावर पडले तर दोन्ही थबकून एकमेकांकडे बघतात. आणि शेवटी ‘सबमिट’ दाबले की ‘तुमची नोंद झाली’ हा निरोप उमटतो चौकटीच्या अगदी वर, तर माणूस असतो अगदी खाली. त्याच्या समोर फक्त पांढरे. फुटलेल्या कपाशीच्या वावरासारखे पांढरे. माणसाला वाटते गेले नाही. तो पान ताजे करून पुन्हा भरतो. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत एकच गृहस्थ पाच वेळा आले, दर वेळी थोडे अधिक चिडलेले: पहिल्या नोंदीत ‘सूचना’ या रकान्यात ‘कॉलेज खूप छान’, पाचव्यात ‘बंद करा हे’.

यवतमाळ यादीच्या तळाशी असल्याची किंमत इथे मोजावी लागली. जिल्ह्यांची यादी उघडते ती चौकटीच्या आतच. तिला बाहेर पाय पसरता येत नाहीत. फोनवर बोट जरा चुकले की यादीऐवजी पानच सरकते. बरेच माजी विद्यार्थी वर्धा किंवा वाशीमपर्यंत पोचले आणि ‘जवळच आहे’ म्हणून तिथेच थांबले. त्या वर्षीच्या नोंदीप्रमाणे यवतमाळ जिल्ह्यातल्या या कॉलेजात यवतमाळचे फार कोणी शिकलेलेच दिसत नाहीत. तालुक्यातही तोच घोटाळा. पांढरकवड्याचा माणूस यादीत ‘प’ शोधतो आणि त्याला तिथे एकटे पुसद भेटते, कारण गाव पांढरकवडा असले तरी तालुक्याचे नाव सरकारदरबारी केळापूर. जन्मभर पांढरकवड्यात राहिलेला माणूस फॉर्ममध्ये पुसदचा होतो, आणि पुसद हा वसंतराव नाईकांचा, अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपद सांभाळणाऱ्या माणसाचा तालुका असल्याने त्याला फारसे वाईटही वाटत नाही.

पत्त्याचे रकाने तर सरांनी कुठल्या तरी शहरी नमुन्यावरून उचलले होते. फ्लॅट क्रमांक, लाल तारका. सोसायटीचे नाव, लाल तारका. तारका म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. या जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, कोलामांच्या वस्त्या आहेत ज्यांना ‘पोड’ म्हणतात. पोडाच्या घराला फ्लॅट क्रमांक काय द्यायचा? मारेगावकडच्या एका मुलाने लिहिले, ‘फ्लॅट: नाही, घर आहे.’ दुसऱ्याने ‘सोसायटी’ वाचून इमानदारीने त्याच्या विविध कार्यकारी सोसायटीचे नाव लिहिले, जिथून वडिलांनी पीककर्ज उचलले होते. तांत्रिकदृष्ट्या त्याचे काहीच चुकले नाही. उलट अख्ख्या जिल्ह्याला ‘सोसायटी’ म्हटल्यावर आधी तीच आठवते.

सरांना एवढ्याने हुरूप आला आणि त्यांनी ‘पदवी प्रमाणपत्राचा फोटो जोडा’ असा रकाना घातला. दुसऱ्या दिवशी चौकटीत फॉर्मच नाही. एक करडा, दुर्मुखलेला कागदाचा चेहरा आणि जोडणी नाकारल्याचा इंग्रजी निरोप. सरांना वाटले गूगल रागावले. तसे नव्हते. फाइल जोडायची तर गूगलच्या खात्यात शिरावे लागते, आणि गूगल आपले खात्यात शिरायचे पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडूच देत नाही. कारणही रास्त आहे. कोणी लबाड माणूस आपल्या पानावर अशी चौकट पारदर्शक करून अंथरू शकतो. खाली दिसते ‘बक्षीस घ्या’, बोट प्रत्यक्षात पडते वरच्या, न दिसणाऱ्या भलत्याच बटणावर. या भामटेगिरीला २००८ साली दोघा अमेरिकी सुरक्षातज्ज्ञांनी ‘क्लिकजॅकिंग’ असे बारसे केले. कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा सावकार आपल्याकडे फार जुना. त्याला एवढे भारदस्त नाव मात्र कोणी दिले नव्हते.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर तहसील कार्यालयासमोरच्या ओळीत जरा उभे राहावे. इथे दर चौथे दुकान ‘आपले सरकार सेवा केंद्र’, ‘महा ई-सेवा’ किंवा नुसते ‘ऑनलाइन’ असते. आत एक खुर्ची, एक प्रिंटर, एक पंखा, आणि सगळ्या जिल्ह्याचे फारम ज्याला तोंडपाठ आहेत असा पंचविशीतला पोरगा. खरी चौकट हीच. हिला उंची-रुंदीचे बंधन नाही, आणि आतला माणूस बाहेरच्याशी बोलतोसुद्धा.

“काका, मोबाइल नंबर सांगा.”

“कोनाचा? माहा का पोराचा?”

“ओटीपी ज्याच्यावर येते त्याचा.”

“तो त पुन्याले हाये.”

२०१७च्या जुलै ते सप्टेंबरात या दुकानांनी जे पाहिले ते जिल्हा विसरणार नाही. २४ जूनला राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली, ३४ हजार २२ कोटींचा आकडा सांगितला, आणि महिन्याभरात अर्ज सुरू झाले: फक्त ऑनलाइन. घटक कुटुंब, म्हणून नवऱ्यासोबत बायकोचाही तपशील. दिवसा साइट चालेना म्हणून लोक रात्री बसले. साइट चालली तर अंगठा उठेना, कारण निंदण, वखरण, कापूस वेचणी यांत बोटांच्या रेषा झिजतात ही गोष्ट यंत्र बनवणाऱ्याला कोणी सांगितली नव्हती. १५ सप्टेंबरची मुदत २२वर गेली. कापसाच्या जिल्ह्यात फवारणीचे दिवस चालू, आणि माणूस लायनीत.

सरकारला यातून काही कळले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९च्या डिसेंबरात दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आली तेव्हा अर्जच ठेवला नाही. बँकांनी याद्या द्यायच्या, शेतकऱ्याने नाव बघून आधार पटवायचे. फॉर्मच्या इतिहासात याहून सुबक फॉर्म झाला नाही. पण सवय ही सवयच. २०२४च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज आले, आधी ॲपवर, मग संकेतस्थळावर. अंगणवाडी सेविकांना अर्जामागे पन्नास रुपये ठरले. २०२५मध्ये ई-केवायसी आली तेव्हा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी मागितला. वडील वारलेल्या विधवा बाईने ओटीपी कोणाचा आणावा याचे उत्तर रकान्यात नव्हते. ते यायला आणखी काही आठवडे आणि बऱ्याच बातम्या लागल्या. त्याच वर्षी कापूस महामंडळालाही वाटले की आपलेही एक ॲप असावे, आणि हमीभावाने कापूस विकायला ‘कपास किसान’वर नोंदणी आली. लांब धाग्याचा त्या हंगामातला हमीभाव ८ हजार ११० रुपये, आणि तो मिळवायचा रस्ता पुन्हा त्या एका खुर्चीवरून.

फॉर्म माणसाला इतका छळतो, तर निदान खोट्याला तरी अडवत असेल, असे कोणाला वाटले तर त्याने आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनीची गोष्ट ऐकावी. लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास. २०२५च्या अखेरीस उघड झाले की या ग्रामपंचायतीच्या नावाने जन्म-मृत्यूच्या सरकारी संकेतस्थळावर काही महिन्यांतच २७ हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्या आहेत. गावात पाळणा हलला नाही, बारशाला कोणी गेले नाही, आणि पोर्टलवर मात्र माणशी अठरा बाळे. पुढे गुन्हा, विशेष तपास पथक, बाहेरच्या राज्यापर्यंत धागेदोरे, सगळे रीतसर झाले, आणि त्याचा छडा तपास यंत्रणा लावतील. इथे नवल एवढेच की पिन कोडचा एक आकडा कमी पडला तर लाल होणाऱ्या रकान्याला दीड हजारांच्या गावात सत्तावीस हजार बाळंतपणे पाहून घाम फुटला नाही. सगळ्या तारका भरलेल्या होत्या ना.

इकडे कॉलेजात नॅकची तारीख जवळ आली. चौकट आता शंभर टक्के रुंद झाली होती, फोटोचा रकाना गेला होता, ‘सोसायटी’च्या जागी ‘गाव, तांडा, पोड, वस्ती’ आले होते. फॉर्म देखणा झाला. फक्त पुन्हा भरायला कोणी येईना. कारण साधे होते: कॉलेजच्या संकेतस्थळावर आपणहून कोणी जातच नाही. विद्यार्थी जगतात व्हॉट्सॲपवर, आणि तिथे फॉर्मची लिंक टाकली की चौकटीची गरजच उरत नाही. लिंक दाबली, फॉर्म उघडला, भरला, संपले. चौकट हवी होती ती समितीला दाखवायला. जशी पाहुणे येणार म्हणून बैठकीत चादर.

लिंक टाकली. मुलांनी ‘ओके सर’ म्हणत अंगठे दाखवले, जे या जिल्ह्यात अर्ज केल्याचा पुरावा धरतात. नोंदी आल्या एकोणीस. त्यातल्या सहा सरांनी स्वतः चाचणीसाठी भरलेल्या, नाव ‘टेस्ट टेस्ट’, गाव ‘अबक’.

शेवटी प्राचार्यांनी जुना मार्ग सांगितला. सरांनी फॉर्मचा प्रिंट काढला, समोरच्या दुकानातून तीनशे झेरॉक्स आणल्या, शिपायाने वर्गावर्गात वाटल्या. मुलांनी बॉलपेनने भरल्या, काहींनी शेजारच्याच्या बघून. मग रविवारी ऑफिस उघडले आणि बीएस्सी दुसऱ्या वर्षाची दोन पोरे, चहा आणि आलूबोंड्याच्या बोलीवर, तो गठ्ठा संकेतस्थळाच्या पानावरूनच फॉर्ममध्ये चढवायला बसली. एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने भरायचे. दोन तासांत त्यांना लय सापडली.

“नाव?”

“झालं.”

“गाव मुकुटबन, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ.”

“थांब ना बे. खाली जाऊ दे.”